आवतनातून सुटलेली घरे

डॉक्टरसाहेबांच्या साठीच्या ग्रंथासाठी हेडमास्तरसाहेबांनी हा लेख माझ्याकडे उन्हाळ्यात मागितला. आता शेतात कापूस फुटला आहे. एवढ्या दिवसांत लेख का झाला नाही असे विचाराल, तर खरे कारण हे की मी लिहायला बसतच नव्हतो. कागद समोर घेतला की जालन्याकडे निघालेला कुणीतरी भेटायचा आणि मी त्याच्याबरोबर चालू लागायचो. देऊळगाव राजाची यात्रा पाहून आलो. तिथे पितळी भांडी विकणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली, तेव्हा त्याच्या गाडीबरोबर आणखी थोडा मुलूख पाहिला. परत आलो तर हेडमास्तरसाहेब म्हणाले, "वकीलसाहेबांचा लेख आला, अडत्यांचा आला. तुम्ही तेवढे राहिलात." मी म्हणालो, "माझं शिक्षण मराठी पाचवीचं. माझ्यावाचून ग्रंथ अडणार नाही." त्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेबांबरोबर खेडोपाडी दमणी हाकत तुमच्याइतकं कोण हिंडलंय?" तेव्हा कागद पुन्हा समोर घेतला.

लेख टाळण्याला आणखी एक कारण होते, तेही सांगून टाकतो. डॉक्टर त्र्यंबकरावांच्या साठीनिमित्त मला जी हकिगत सांगावीशी वाटते, ती अजून पुरी झालेली नाही. एका घरातली सून नाहक दोष घेऊन माहेरी बसली आहे. डॉक्टरसाहेबांनी मला बजावले होते, "ती परत येईपर्यंत त्या गोष्टीत माझं कौतुक लिहायचं नाही." म्हणून मी कौतुक न करता लिहीत आहे. ते कुठे झालेच, तर हेडमास्तरसाहेबांनी काट मारावी.

डॉक्टरसाहेबांची आणि माझी पहिली भेट नांदुऱ्याच्या स्टेशनवर झाली. मी नागपूरकडे चाललो होतो की भुसावळकडे, हे आज सांगता येणार नाही. अंगात ताप होता. पाणी प्यायला उतरलो आणि गाडी निघून गेली. नळाखाली डोके धरून बसलो होतो, तेवढ्यात पांढरा कोट घातलेले, उंच, किंचित वाकून चालणारे एक गृहस्थ जवळ आले. कुणा पाहुण्याला गाडीत बसवायला आले होते म्हणे. त्यांनी माझे मनगट धरले आणि विचारले, "कुठं जायचं होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "ठरलं नव्हतं."

"मग पोचलात की," ते म्हणाले, आणि मला आपल्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घातले.

त्या वेळी माझ्या अंगावरचा सदरा पाहून कुणीही मला 'अहो' म्हटले नसते. डॉक्टरसाहेब म्हणाले. ते सर्वांनाच अहो म्हणतात. दवाखान्याच्या पायरीवर झोपणाऱ्या भिकाऱ्यालाही "जरा सरकता का आपण?" असे विचारताना मी ऐकले आहे. ताप उतरल्यावर त्यांना कळले की मला बैल हाकता येतात, आणि मला कळले की त्यांचा गाडीवान लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. म्हणजे असतो आणि नसतो. मधेच पाय वळवळले की मी निघून जातो. परत येतो तेव्हा डॉक्टरसाहेब कुठे होतात असे विचारत नाहीत. "जेवलात का?" एवढेच विचारतात.

त्यांच्या दमणीच्या बैलांविषयी मी पुष्कळ लिहू शकेन. त्यातला एक तर असा शहाणा होता की रोगी दगावला आहे हे त्याला डॉक्टरसाहेबांच्या चालण्यावरून कळायचे आणि परतीच्या वाटेवर तो आपणहून हळू चालायचा. पण हा ग्रंथ बैलांचा नाही.

डॉक्टरसाहेब नागपूरच्या सरकारी शाळेत डॉक्टरी शिकले. नोकरीच्या बदल्या संपल्यावर त्यांनी नांदुऱ्यातच स्वतःचा दवाखाना घातला. कापसाच्या जिनिंगची धूळ खाऊन खोकणारे, हिवतापाने पिवळे पडलेले, बैलाने शिंग मारलेले, असे सगळे तिथे येतात. औषधापेक्षा ऐकण्याला त्यांच्याकडे जास्त वेळ लागतो. यावरून त्यांचे कंपाउंडर रहीममिया नेहमी कुरकुरतात. एकदा एक म्हातारी पोट दुखते म्हणून आली आणि तिच्या शेळीचीच कथा सांगत बसली. शेळी कुठून आणली, किती गुणाची होती, कशी मेली. बाहेर रांग वाढत होती. रहीममिया दोनदा आत डोकावले आणि शेवटी म्हणाले, "साहब, ये पोट की पेशंट हाये का शेयी की?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "रहीममिया, शेळी मेल्यापासून या एकदाही नीट जेवलेल्या नाहीत. दुखणं तिथंच आहे. सांगा हो आजी, मग काय झालं?"

हे ऐकणेच त्यांना बापूंच्या घरी उपयोगी पडले. आणि तिथेच एकदा ते घाईने वागले, असे ते स्वतः म्हणतात.

बापू हे नांदुऱ्याजवळच्या एका गावचे मोठे शेतकरी. गावाचे नाव लिहीत नाही. आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर घरातली मांजर उठावी. बायको पूर्वीच वारलेली. घरात मुलगा नामदेव आणि सून गिरजा. गिरजावहिनींचे माहेर वर घाटावर, देऊळघाटला. गेल्या वर्षी एका सकाळी बापू ओसरीवर कोसळले. डॉक्टरसाहेब गेले तेव्हा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. जीव वाचला. पुढे पाय टेकता येऊ लागला, बोलणे तर पहिल्यासारखेच खणखणीत राहिले. घरच्यांना वाटले, संकट गेले.

थोड्याच दिवसांत नामदेव दवाखान्यात आला. खाली मान घालून म्हणाला, "साहेब, घरात लय इपरीत होऊन राह्यलं. बाबा म्हन्ते का सून मले उपाशी मारते. ताटात मीठ नाई, चटनी नाई, अर्धीच भाकर वाढते म्हन्ते. हाक मारली तं येत नाई म्हन्ते. मी तिले इचारलं, तं ते रडते आन् म्हन्ते, मी सगळं वाढलं."

"तुम्ही ताट पाहिलंत?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"बाबाच्या ताटात मी कसा पाहू साहेब?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवणवेळेला गेलो. डॉक्टरसाहेब बापूंच्या पुढ्यात पाट घेऊन बसले. वहिनींनी ताट आणून ठेवले आणि रीतीप्रमाणे बाजूला, दाराआड, पदर पुढे ओढून उभ्या राहिल्या. ते दार बापूंच्या डाव्या हाताला होते. बापू जेवू लागले. ताटाच्या उजव्या अंगाला भाजी आणि वरण असते, ते त्यांनी चाटूनपुसून खाल्ले. भाकरीचा उजवीकडचा अर्धा भाग संपवला. डावीकडची चटणी, लिंबू, मीठ, कांद्याची कोशिंबीर, आणि भाकरीचा राहिलेला अर्धा भाग, यांतल्या कशालाही हात लागला नाही. मग त्यांनी ताटावर बोट आपटले.

"पाह्या डॉक्टर! आपल्या डोयानं पाह्या. संपलं. एवढ्यात माणूस जगन काय?"

दाराआडून हलका आवाज आला, "मामाजी, वाढलं न मी. ताटातच हाये."

बापूंनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही. जणू कुणी बोललेच नव्हते. डॉक्टरसाहेबांनी पुढे होऊन ते ताट फक्त अर्धे फिरवले. डावीकडचे उजवीकडे आले. बापूंनी खाली पाहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हां! आता कशी आली चटनी! आता कशी आली भाकर! डॉक्टर बसले म्हून आनली लबाडीनं. म्हंजे घरात होतं, मले देत नव्हती!"

वहिनींच्या बाजूने पुरावा म्हणून जे केले, तेच त्यांच्यावर उलटले. बापूंनी त्याच दिवशी देऊळघाटला निरोप धाडला की आपली पोर घेऊन जा. वहिनींचा भाऊ सखाराम आला. नामदेव वडिलांपुढे कधी बोललेला नाही, तो त्या दिवशीही बोलला नाही. डॉक्टरसाहेबांनी परोपरीने सांगून पाहिले. बापूंचे एकच, "मी काय आंधळा हाये?" वहिनी निघताना सासऱ्यांच्या पाया पडल्या, तेव्हा डावीकडून वाकल्या. बापू समोर बघत राहिले. सखारामाला तो जाणूनबुजून केलेला अपमान वाटला आणि तो उंबऱ्यातून म्हणाला, "ज्यानं काढलं त्यानंच न्याले यावं. दुसऱ्या कोनाच्या बोलावन्यावर येनार नाई आमची बाई."

परतताना नामदेव शिवेपर्यंत आमच्याबरोबर आला. डॉक्टरसाहेबांनी त्याला जे सांगितले ते मी बैल हाकता हाकता ऐकले. जसे कळले तसे लिहितो.

"तुमचे वडील आंधळे नाहीत आणि दुष्टही झालेले नाहीत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आहे. त्या भागाकडे डाव्या अंगाचा कारभार असतो, म्हणून डावा हात गेला. एवढं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण त्याबरोबर डाव्या बाजूचं भानही जाऊ शकतं, हे मला रोग्यांनी शिकवलं. डोळा धड असतो. मुद्दाम तिकडे लक्ष ओढलं तर दिसतंसुद्धा. पण आपणहून तिकडे बघावं असं मनात येतच नाही. तुम्ही इथं उभे आहात. तुमच्या पाठीमागे काय आहे याची तुम्हाला रुखरुख लागली आहे का?"

नामदेवाने पटकन मागे पाहिले. मागे एक बाभूळ होती.

"मी विचारल्यावर पाहिलंत. बापूंना ते विचारणारं आतलं माणूसच उठून गेलंय."

नामदेव त्या बाभळीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "मंग साहेब, आंधळा बरा. आंधळ्याले मालूम तं असते का आपल्याले दिसत नाई."

"अगदी बरोबर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आणि ताट फिरवण्याची घाई मी केली. आधी त्यांना त्यांची डावी बाजू सापडायला हवी होती. मी एकदम तिच्यातली चटणी दाखवली."

त्यानंतर डॉक्टरसाहेब दर बाजाराच्या दिवशी बापूंकडे जाऊ लागले. कुणी बोलावले नव्हते. मी दमणी सोडायचो आणि ओसरीवर बसायचो. डॉक्टरसाहेब मुद्दाम बापूंच्या डाव्या बाजूला बसून गप्पा मारायचे. सुरुवातीला बापू मध्येच मला विचारायचे, "काय रे मुसाफिर, डॉक्टर कधी गेले?" डॉक्टरसाहेब त्यांच्या खांद्याला लागून बसलेले असायचे! मग ते बापूंचा उजवा हात धरून हळूहळू डावीकडे न्यायचे आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवायचे. "हा मी. इथपर्यंत जग आहे, बापू." ताटाच्या डाव्या कडेला त्यांनी तांबड्या फडक्याची पट्टी ठेवायला लावली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मग पहिला घास. बापू चिडायचे. बंडीची एकच बाही घालून आणि एकच वहाण पायात अडकवून ओसरीवर यायचे आणि वर म्हणायचे, "मले काय झालं? मी तं ठनठनीत हाये."

आता स्वयंपाकाला बापूंच्या विधवा बहीण आल्या होत्या. फडके ठेवायचे विसरले की चटणी ताटात जशीच्या तशी राहायची आणि बापू ओरडायचे. एकदा मी धीर करून म्हटले, "बापू, आता तर वहिनी नाहीत. आता कोण वाढत नाही?"

"तेच न बे!" बापू म्हणाले. "जाता जाता हिले पढवून गेली ते."

बहीण स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मले पढवाले मी काय शाळेत जातो व्हय!" डॉक्टरसाहेब हसले, आणि मग बराच वेळ हसले नाहीत.

गोष्ट वळली ती जेवणावळीच्या दिवशी. बापूंच्या जिवावरचे टळले म्हणून मारुतीला नैवेद्य आणि आळीला जेवण घालायचे ठरले. त्यांच्या गावात चावडीपासून मारुतीपर्यंत एकच सरळ आळी आहे, दोन्ही बाजूंना घरे. आवतन, म्हणजे जेवणाचे बोलावणे, घरोघरी सांगायचे काम महादू न्हाव्याचे. घरची नावे कर्त्या पुरुषाने तोंडी सांगायची ही तिथली पद्धत. नामदेव मळ्यात होता. बापूंनी डोळे मिटून महादूला चावडीपासून घरे सांगायला सुरुवात केली आणि मारुतीपर्यंत नेऊन पोचवली. महादूच्या लक्षात आले की आळीची एक आख्खी बाजू सुटली आहे, आणि त्या बाजूला बापूंचे चुलतभाऊ किसनराव राहतात. पण त्याला वाटले, भाऊबंदांत काहीतरी बिनसलेले दिसते, आपण काऊन मधात पडावं? तो सांगितलेली घरे करून मोकळा झाला.

जेवणाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा पंगत मांडली होती आणि किसनराव अंगणात उभे राहून गरजत होते.

"मी मेलो काय तुह्यासाठी? अर्धी आळी जेवाले आन् अर्ध्या आळीनं वास घ्यायचा? असं काय केलं बे आमी?"

"सारी आळी सांगतली मी!" बापू म्हणाले. "महादू, बोल! सांगतली का नाई?"

महादू खांबाला चिकटून म्हणाला, "मालक, तुमी जे सांगतले ते मी केले." मग त्याने ती घरे ऐकवली. मारुतीकडे तोंड करून चालले तर उजव्या हाताला लागणारी घरे, तेवढीच.

बापू गोंधळले. त्यांना स्वतःला पक्के आठवत होते की आपण सारी आळी सांगितली. तेव्हा डॉक्टरसाहेब पुढे झाले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"बापू, किसनराव जरा थांबतील. डोळे मिटा. तुम्ही मारुतीला नमस्कार केलात. आता पाठ फिरवा आणि घरी परत या. रस्त्यात कोणाकोणाची घरं लागतात?"

बापूंनी डोळे मिटले आणि सांगू लागले. आता दुसरीच बाजू आली. एक एक घर बरोबर क्रमाने, आणि त्यात, "हे किसनाचं, दारात चिंच," असेही आले. महादूने मघाशी ऐकवलेल्या घरांपैकी मात्र एकही आले नाही. किसनरावांचा वर उचललेला हात हळूच खाली आला.

बापूंनी डोळे उघडले. "हे... जाताना नव्हतं लागलं."

"जाताना ते तुमच्या डाव्या हाताला होतं," डॉक्टरसाहेब म्हणाले.

बापूंनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिले. तो हात कुणाचा आहे असे विचारावे तसे पाहिले. इथे समोर ताट नव्हते, वाढणारे कुणी नव्हते, लबाडी करायला जागाच नव्हती. आळी त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली होती, जन्मापासून तुडवलेली, आणि तिची एक बाजू त्यांच्याच चालण्यातून गळून पडली होती. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजे डॉक्टर, पोरीनं वाढलं होतं."

"रोज वाढलं होतं."

किसनराव गेले आणि आपल्या बाजूची सगळी घरे बोलावून घेऊन आले. पण त्या दिवशी बापू जेवले नाहीत.

यानंतर कुणीही म्हणेल की डॉक्टरांचे काम झाले. डॉक्टरसाहेब स्वतः उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने घाट चढून देऊळघाटला गेले, मीही बरोबर होतो. मोटार लागून मला घाटात ओकाऱ्या झाल्या. तेव्हा या वयाच्या माणसाने माझे डोके धरले, हेही इथे नोंदवतो. सखारामाने पायावर पाणी घातले, चहा दिला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, तुमचा मान मोठा हाये. पन तुमी काढलं नव्हतं तिले."

"बापूंना मोटारीचा, घाटाचा त्रास झेपणार नाही. मीच त्यांना मनाई केली आहे. त्यांच्या वतीनं मी आलो. आणि ताट मी फिरवलं होतं, तेव्हा थोडं मीही काढलं असं समजा."

त्या वेळी वहिनी आतून बाहेर आल्या. मी त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, "मामाजीले बिमारी होती हे मले समजलं. माह्या मनात राग नाई. पन मी त्या घरात इतके दिवस वागली आन् कोनाले दिसली नाई. मामाजीले दिसली नाई ते बिमारीनं. यायले काऊन नाई दिसली?"

'यायले' म्हणजे नवऱ्याला. डॉक्टरसाहेबांनी मान खाली घातली.

"मी येईन साहेब. पन त्या दोघायनं यावं, आन् मामाजीनं मले पाहून बोलवावं."

हा निरोप डॉक्टरसाहेबांनी एक अक्षर न वगळता बापूंना आणि नामदेवाला सांगितला. बापूंनी ऐकून घेतला आणि भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ते ओसरीवरूनही उतरले नाहीत. गावात चर्चा सुरू झाली की सासरा कधी सुनेला आणायला जात नसतो. नामदेव शेतातच राहायचा. हेडमास्तरसाहेबांनी साठीच्या समारंभाची बातमी आणली, तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "रोग ओळखला आणि घर मोडलं. शाल कशाची देता?"

माझे मत निराळे आहे. ज्या माणसाने एवढे सगळे करूनही ते पुरे मानले नाही, त्यालाच शाल द्यावी. (इथे कौतुक झाले. हेडमास्तरसाहेबांनी हवे तर काट मारावी.)

तेव्हा आता रीतीप्रमाणे शेवटचे लिहितो. डॉक्टरसाहेबांची नाडी आम्हा सर्वांच्या नाडीपेक्षा सावकाश आणि पक्की चालत राहो. त्यांचे गुडघे दमणीत चढण्याउतरण्याला कुरकुर न करोत. पुष्कळ वर्षे त्यांच्या पायरीवर आम्ही आमच्या शेळ्यांच्या कथा सांगत बसावे आणि त्यांनी त्या ऐकाव्यात. मला तर वाटते, त्यांच्या पंच्याहत्तरीला

वाक्य अर्धे राहिले, कारण बाहेरून रहीममिया ओरडत आहेत. "मुसाफिर! कलम ठेव बे! पाह्य तं कोन आलं!"

मी खिडकीतून पाहिले. दवाखान्यासमोर बैलगाडी उभी आहे. नामदेव बैलांपाशी आहे, आणि गाडीत धुतलेला फेटा बांधून, दोन्ही बाह्या घातलेले बापू बसले आहेत! डॉक्टरसाहेब तपासायची नळी गळ्यात तशीच ठेवून बाहेर धावले आहेत.

"बापू, हे काय? कुणी सांगितलं तुम्हाला एवढा प्रवास करायला?"

"सुनेनं सांगतलं. पाहून बोलवा म्हने," बापूंचा आवाज साऱ्या बाजाराला ऐकू जात आहे. "अथी बसून कशी दिसन मले ते? घाला कोट. देऊळघाटले जायाचं हाये, मोटार सुटते."

"बाबा, मी बोलतो तिच्याशी आधी," नामदेव म्हणाला. वडिलांपुढे तो बोललेला मी आज पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरसाहेब कोट घालत आहेत. मला मोटारीत चार जागा धरायला पळाले पाहिजे.